जर्मन शिकायची तर कशी?

शिक्षक मित्रांनो, फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. मग योजना आली, आधी शिक्षकांनी जर्मन शिकायची आणि पुढे तरुणांना शिकवायची. सातारा-सांगलीच्या आमच्या ग्रुपवर चर्चेला नुसता ऊत! प्रश्न एकच, शाळा सांभाळून भाषा येईल का?

मला अमेरिकेतलं मिडलबरी कॉलेज आठवतं. 1915 साली लिलियन स्ट्रोबे या प्राध्यापिकेने तिथे जर्मनची उन्हाळी शाळा काढली. राहायचं, जेवायचं, भांडायचं ते जर्मनमध्येच. पहिल्या महायुद्धाच्या काळात शाळा बंद पडली, ती 1931 ला पुन्हा उघडली. आजही विद्यार्थी तशी लेखी प्रतिज्ञा करतात.

डेर, डी, दास ही तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. पण 'मुलगी' तिथे नपुंसकलिंगी! असलं काही पाठ करून बसत नाही हो, कानावर पडत राहावं लागतं. ऊसतोडीच्या हंगामात घरी गोरमाटी बोलणारं पोरगं आपल्या वर्गात मराठीत असंच पडतं, तेही प्रतिज्ञा न करता.

उन्हाळी सुट्टीत असं निवासी शिबिर भरलं, तर मी पहिलं नाव देईन. दोन शिक्षकी शाळा सुटल्यावर, दमून केलेल्या तासाभराच्या ऑनलाइन वर्गाला मात्र माझा नकार आहे.