वाहक रंग आणि पाण्याचे प्रमाण

विद्युत्परिपथ म्हटला की तांब्याची तार, डाख आणि हिरवी पाटी एवढेच साहित्य डोळ्यांपुढे यावे असा आपल्याकडील शिरस्ता असला, तरी कुंचल्याने रेघ ओढावी आणि त्या रेघेतून प्रवाह वाहू लागावा, ही युक्ती आजकालची नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उखळी तोफांच्या गोळ्यांत बसवावयाच्या चिमुकल्या रेडिओयंत्रांसाठी अमेरिकेत भाजलेल्या मातीच्या पाट्यांवर चांदीचा रंग रेशमी कापडातून उमटवून परिपथ तयार केले गेले. आणि १९४७ साली तेथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने ब्रुनेटी व कर्टिस यांनी लिहिलेले ४६८ क्रमांकाचे परिपत्रक प्रसिद्ध करून ही विद्या सर्वांस खुली केली. वाहक भुकटी, तिला धरून ठेवणारे बंधक आणि दोहोंना प्रवाही करणारे द्रावक, हे रंगाचे तीन घटक तेव्हाही होते व आजही तेच आहेत. आपल्याकडे पुण्यास सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था १९९० पासून इलेक्ट्रॉनिकीस लागणाऱ्या द्रव्यांचे संशोधन करीत आहे, व पाट्यांवर छापावयाची चांदीची पेस्ट हा तिच्या अभ्यासाचा एक विषय राहिला आहे.

माझे काम याहून फार लहान. इलेक्ट्रॉनिकीची नोकरी संपवून सरसगडाच्या पायथ्याशी, पालीस, मी स्थायिक झालो, आणि शाळेतील मुले पुठ्ठ्यावर, कापडावर, क्वचित मखराच्या थर्माकोलवर दिवे लावण्याची तजवीज करण्यासाठी माझ्याकडे येऊ लागली. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘काका, रंग घट्ट झालाय, किती पाणी घालू?’ प्रश्न साधा आहे. परंतु या विषयातील निम्मे शास्त्र त्याच्या उत्तरात सामावले आहे, असे माझे मत आहे.

ग्रॅफाइटचे किंवा काजळीचे कण स्वतः विजेला वाट देतात. त्यांच्याभोवतीचे बंधक, मग ते बाजारच्या रंगातील राळ असो की घरी मुले वापरतात तो फेव्हिकॉल, मुळीच देत नाही. सबब प्रवाह पलीकडे पोहोचावयाचा तर कणाला कण भिडलेला हवा. माघी चतुर्थीच्या जत्रेत बल्लाळेश्वराच्या आवारात माणसे खांद्याला खांदा लावून उभी असली, तर एका टोकाने दिलेला नारळ हातोहात दुसऱ्या टोकास जातो, आणि गर्दी ओसरून मध्ये चार हातांचे अंतर पडले की तो तेथेच थांबतो, तसाच हा प्रकार आहे. कणांचे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेखाली गेले की वाहकता हळूहळू न घटता एकाएकी कोसळते. पाणी मात्र या हिशेबात कायमचे धरावयाचे नाही, कारण ते उडून जाते. मागे राहतात कण आणि बंधक, आणि त्यांचे परस्परप्रमाण पाण्याने बदलत नाही. बदलते ती थराची जाडी. पातळ रंग पसरतो, थर झिरझिरीत होतो, कोठे कोठे तुटतो, आणि रोध वाढतो. याउलट रंग सैल वाटत नाही म्हणून कोणी त्यात आणखी फेव्हिकॉल ओतला, तर कणांमधील अंतर कायमचे वाढले आणि रंग कामातून गेला असे समजावे.

हे आकड्यांनी पाहणे मनोरंजक आहे. थराचा रोध ‘प्रत्येक चौरसास इतके ओहम’ असा मोजतात. चौरस लहान असो वा मोठा, त्याचा रोध तोच. काळ्या कार्बनरंगाचा बेताच्या जाडीचा थर चौरसास सुमारे ५० ओहम भरतो असे धरू. अर्धा सेंटिमीटर रुंद आणि जाण्यायेण्याची मिळून १० सेंटिमीटर लांब अशी पट्टी ओढली, तर तीत २० चौरस बसतात, म्हणजे रोध १००० ओहम झाला. ९ व्होल्टच्या बॅटरीतून तांबड्या एलईडीचे सुमारे २ व्होल्ट वजा जाता उरलेले ७ व्होल्ट या पट्टीवर पडतात व ७ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. दिवा छान लागतो, आणि वेगळा रोधक जोडण्याचीही गरज पडत नाही. तोच रंग पाणी घालून असा ओढला की थर निम्म्या जाडीचा झाला, तर प्रवाह साडेतीन मिलिअँपिअरवर येतो आणि दिवा मंदावतो. उपाय दोन: पट्टी दुप्पट रुंद करा, किंवा पहिला थर पुरता वाळल्यावर त्यावर दुसरा द्या. एकाच जाड थरापेक्षा दोन बेताचे थर मी केव्हाही पसंत करीन, कारण जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पुढे भेगाळतो.

पातळ करण्याची रीत म्हणाल तर ती सावकाशीची आहे. तळाशी बसलेला साका आधी काडीने खरवडून वर आणावा, गुठळ्या मोडाव्यात, पुष्कळ वेळ ढवळावे. बहुतेक ‘घट्ट’ रंग एवढ्यानेच सुधारतो आणि पाण्याचा प्रश्न मिटतो. तरीही गरज भासली तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालावे, प्रत्येक वेळी ढवळून पाहावे. विहिरीचे वा नळाचे पाणी मी टाळतो. त्यातील क्षारांमुळे बारीक काजळीचे कण एकमेकांस चिकटून गोळा होऊ शकतात. चांदीच्या रंगाला हा नियम लागू नाही. त्याची राळ सामान्यतः ॲसिटोनसारख्या किंवा ॲसिटेट वर्गातील द्रावकात विरघळलेली असते, त्यात पाणी पडले की ती फाटते. बाटलीवर जो थिनर सांगितला असेल तोच घालावा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास चूल, उदबत्ती काही न ठेवता.

रंग योग्य झाला हे ओळखावे कसे, याचे उत्तम उत्तर मला पेणच्या एका मूर्तिकाराने दिले. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा तो हात. त्याने माझा काळा रंग कुंचल्यावर घेतला, कुंचला उभा धरला आणि टोकाशी थेंब जमण्याची वाट पाहिली. थेंब जमला, लोंबला, पण सुटला नाही. ‘एवढाच बरा,’ तो म्हणाला, ‘गळला तर रेघ पसरेल, जमलाच नाही तर रेघ तुटेल.’ श्यानता मोजण्याची उपकरणे मी नोकरीत हाताळलेली आहेत. पुठ्ठ्यावर काम करणाऱ्या मुलांना मात्र मी हीच परीक्षा शिकवतो. तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट: ग्रॅफाइटचा थर पूर्ण वाळल्यावर त्यावर स्टीलच्या चमच्याची पाठ हलकेच घोटावी. ग्रॅफाइटचे चपटे पापुद्रे आडवे पडून एकमेकांवर बसतात, थराला शिसपेन्सिलीची चमक येते, आणि मल्टिमीटरच्या कांड्या टेकवल्या की रोध घटलेला दिसतो.

राहिला आमचा पाऊस. आषाढश्रावणात अंबा नदीच्या या खोऱ्यात हवाच ओली असते; उन्हाळ्यात तासाभरात वाळणारी रेघ तेव्हा रात्रभर ठेवली तरी बोटाला लागते, आणि वाळलेली वाटली तरी आत पाणी असल्याने मल्टिमीटरवरील आकडा स्थिर राहत नाही. त्यातून कागद वा पुठ्ठा ओल धरून फुगला की कण दूर ओढले जातात. म्हणून त्या दिवसांत पाणी शक्यतो घालूच नये. पुठ्ठा वापरण्यापूर्वी दिव्याच्या उबेत ठेवावा, थरही तसाच वाळवावा, आणि आकडा स्थिरावल्यावर वर वॉर्निशचा हात द्यावा. चांदीच्या बाबतीत तर हे वॉर्निश अत्यावश्यकच. शेजारशेजारच्या दोन रेघांत विजेच्या दाबाचा फरक असेल आणि मध्ये ओल असेल, तर चांदी एका रेघेतून विरघळून दुसरीवर साचू लागते, तिला झाडाच्या फांद्यांसारखे बारीक कोंब फुटतात आणि अखेर दोन्ही रेघा जोडल्या जाऊन परिपथ बिघडतो. कोकणात चांदीचा रंग वापरणाऱ्याने रेघांत निदान तीनचार मिलिमीटर अंतर सोडावे, आणि वॉर्निश दोनदा द्यावे, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने.