दोन औषधं

अक्काच्या मांडीत गाठ आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लिंबाएवढी होती तेव्हा एका डॉक्टरांनी हात लावून "चरबीची आहे, राहू दे" म्हटलं. दुखत नव्हती म्हणून अक्कानेही राहू दिली. आम्हा बायकांचं असंच. दुखलं तरच दुखणं! वर्षभरात ती मोसंब्याहून मोठी झाली. मग बेळगावात तपासलं, सुईने तुकडा काढला, आणि 'सार्कोमा' हा शब्द घरात आला. स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कर्करोग. तोवर तो फुप्फुसांत पोचला होता. जिना चढताना तिला धाप लागायची, ती त्यामुळे.

आता ऑपरेशनने सगळं निघणार नव्हतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. डॉक्सोरुबिसिन हे एकच औषध, नाहीतर त्याच्या जोडीला आयफॉस्फामाइड. भावाने त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. "दोन्ही द्या. खर्चाचं बघू." मीही मान डोलावली. एकापेक्षा दोन बरी, यात विचारायचं काय?

अक्काने विचारलं. "दोन घेतली तर जास्त जगीन काय हो?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. 455 रुग्णांवर याची तुलना झाली होती, 2014 साली ती छापून आली. एका औषधाने शंभरातल्या 14 जणांच्या गाठी बऱ्यापैकी आटल्या, दोन औषधांनी 26 जणांच्या. पण आयुष्यात ठामपणे सांगावा असा फरक पडला नाही. आणि पांढऱ्या पेशी उतरून ताप येणारे एका औषधावर 13 टक्के, दोनांवर 46. "गाठ लवकर लहान व्हायला हवी असेल, तर दोन. नाहीतर एकाने सुरू करू. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

अक्का म्हणाली, "मला श्वास हवाय."

दशलक्षण पर्वात बस्तीत दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचतात. आमच्या बस्तीत बायकांत ते वाचन कित्येक वर्षं अक्काचं. भाद्रपदाला चार महिने होते. तिने दोन औषधं घेतली. भावाला हवी होती तीच. पण त्याने भीतीपोटी मागितली होती, हिने हिशेब करून.

दर एकवीस दिवसांनी भरती व्हायचं. डॉक्सोरुबिसिन कुंकवाच्या पाण्यासारखं लाल. नंतर लघवीही लाल होते, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. दुसरं औषध मूत्राशयाला जाळतं. त्यासाठी मेस्ना नावाचं औषध सोबत देतात, आणि भरपूर पाणी. नर्सबाई रात्री तांब्या घेऊन आल्या, आणि अक्काने तोंड फिरवलं. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा तिचा नियम तीस वर्षांचा.

मी चिडले. "अक्का, हा काय हट्ट?"

"हट्ट नव्हे गं. विचार की त्यांना, दुसरी वाट हाय काय."

विचारलं, तर होती. तोंडाने दिवसभर प्यायचं, रात्रीचं सलाइन शिरेतून चालू. लघवीचं माप नर्सबाई लिहून ठेवणार. अक्का नळीकडे बघत म्हणाली, "शिरेतून जातं त्याला चव नाही. एवढं मोडलं तर मोडलं, प्रायश्चित्त घेईन." मी विचारलंच नसतं, तर औषध तरी सोडलं असतं नाहीतर नियम तरी.

दुसऱ्या फेरीनंतर ताप आला. मध्यरात्री गाडी काढली, पाच दिवस अँटिबायोटिक. त्या 46 मध्ये आम्ही होतो. केस गेले, तोंड आलं, भाताचा घास उतरेना. "सोडून देऊ या," मी म्हटलं. "मी म्हणेन तेव्हा," ती म्हणाली.

चौथ्या फेरीनंतर स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या गाठी लहान दिसल्या. भाद्रपदात ती बस्तीत खाली चटईवर बसली, डोक्यावरून पदर घट्ट. आवाज बारीक झाला होता, मध्ये थांबायची, पण दहाही अध्याय तिनेच वाचले.

पुढच्या वैशाखात अक्का गेली.

आता कुणी गाठ दाखवली की मी विचारते, वाढतेय काय? दुखते काय, हे नंतर. आणि घरातली माणसं औषधाचं ठरवायला जमली की ज्याचं दुखणं त्याच्याकडे खुर्ची वळवते.