याहून हळू जमणार नाही

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या आंबेठाण चौकात अडकण्याचं भाग्य आपल्यापैकी बहुतेकांना लाभलेलं आहे. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, ट्रिपल सीट बाइकवाले. ट्रॅफिकला शिव्या घालून झाल्या की करण्यासारखं काही उरत नाही. तर अशा वेळी शेजारच्या सीटवरच्याला सांगायला एक माहिती देऊन ठेवते. ज्या आंबेठाण गावाच्या नावाने हा चौक ओळखला जातो, त्या गावात १९२४ साली रघुवीर भोपळे नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो जादूगार रघुवीर झाला. नाव ऐकलं नसेल तर घरी आई-बाबांना विचारा. शाळेत असताना पाहिलेला शो त्यांना अजून आठवत असेल. रघुवीर १९८४ मध्ये गेले, पण मुलगा विजय रघुवीर आणि नंतर नातू जितेंद्र रघुवीर यांनी हे खेळ पुढे चालू ठेवले.

त्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त अपील झाला तो त्यांच्या गुरूचा भाग. रघुवीर जादू शिकले ते राणाबाबा नावाच्या, रस्त्यावर खेळ करणाऱ्या राजस्थानी जादूगाराकडे, असं सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या स्टेजच्या जादूचं मूळ फुटपाथवर! म्हटलं, आपणही फुटपाथवरच शिकायचं. फ्रीलान्स जर्नलिस्टकडे पैसा नसला तरी गुरुवार सकाळ मोकळी असते.

चाचा मला एका आठवडे बाजारात भेटले. वय सत्तरीच्या आसपास. कांद्याच्या पाट्या आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्यामध्ये एक चादर, तीन कप, एक डमरू, बस्स. एका तासाचे दोनशे रुपये आणि चहा, असं ठरलं. अटी दोन. ‘नाव छापायचं नाही, आणि कपांचं गुपित छापायचं नाही. रुपयाचं लिही बेटी, ते तर आता पोरं मोबाइलवर फुकट बघतात.’

कपांचं गुपित नाही, पण कपांबद्दल थोडं सांगायला हरकत नसावी. वाटी आणि गोळ्यांचा हा खेळ म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या हातचलाखींपैकी एक. रोममध्ये सेनेकाने आपल्या एका पत्रात त्याचा उल्लेख केलाय, म्हणजे झाली की दोन हजार वर्षं. पण युरोपातला जादूगार टेबलामागे उभा राहतो. पब्लिक समोर, आणि पाठ सेफ. आपला मदारी जमिनीवर उकिडवा बसतो आणि पब्लिक चारी बाजूंनी, त्यात दोन पोरं तर अगदी मांडीला चिकटून. म्हणून आपल्या कपांची घडणच वेगळी असते. बसका कप, वर गोल बोंड आणि ते बोंड दोन बोटांच्या बेचक्यात धरायचं. टेबल नाही, कोट नाही, खिसे नाहीत. (खिशांवरून आठवलं. जादूची सगळी इंग्रजी पुस्तकं कोटाच्या खिशावर भरवसा ठेवून लिहिलेली आहेत. लेडीज कुर्त्याला खिसा का नसतो, हा प्रश्न मला पूर्वीपासून होता, आता तो प्रोफेशनल झालाय.)

सुरुवात रुपयापासून. आत्ताचा नाही, तो फारच बारीक. चाचांकडे सत्तरच्या दशकातले २८ मिलिमीटरचे जुने रुपये आहेत, घासून घासून गुळगुळीत झालेले. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, तेही चालतं. पहिला धडा, नाणं डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचं. खरंखुरं. शंभर वेळा. मग एकशे एकाव्या वेळी अगदी तसंच घ्यायचं, फक्त घ्यायचं नाही! नाणं डाव्याच हातात राहतं, उजवी मूठ मिटते आणि रिकामीच पुढे जाते. पुस्तकात याला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. चाचांकडे त्याला नाव नाही.

‘हात नको बघू,’ चाचा म्हणायचे, ‘जिथे रुपया आहे असं लोकांना वाटायला पाहिजे, तिथे बघ. तूच बघितलं नाहीस तर ते कशाला बघतील?’

याला सायन्सचाही सपोर्ट आहे. गुस्ताव कून आणि मायकल लँड या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला होता. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो आणि नजर वर नेतो. बघणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांना चेंडू हवेत गेलेला ‘दिसला’. हातातून न सुटलेला चेंडू! आणि जादूगाराने नजर हातावरच ठेवली, तर फसणारे निम्म्याहूनही कमी झाले.

मी लोकलमध्ये प्रॅक्टिस करायचे. आकुर्डी ते शिवाजीनगर, खिडकीत बसून. आणि रात्री घरी, निगडीला, डायनिंग टेबलवर. समोर बाबा पेपर वाचत.

बाबांबद्दल सांगायला हवं. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते पॉवर प्रेसवर होते. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे डाय खाली येते तेव्हा दोन्ही हात बाहेरच असतात, अशी साधी युक्ती. पण त्यात प्रत्येक पीसमागे एखादा सेकंद जातो. प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून तिथे एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, नाइट शिफ्टला, बाबांच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अर्धी अर्धी बोटं राहिली. तेव्हापासून तो हात खिशात असतो. आमच्या घरातल्या एकूण एक लग्नाच्या अल्बममध्ये बाबा एका बाजूने जरा वाकडे उभे आहेत, तुम्ही मुद्दाम बघितलंत तरच लक्षात येईल.

एका रात्री माझं नाणं चौथ्यांदा खाली पडल्यावर पेपरमागून आवाज आला, ‘घाई करतेस.’

‘बाबा, पटकन केलं नाही तर दिसतं.’

‘पटकन केलंस म्हणूनच दिसतं. मशिनवर नवा पोरगा आला की त्याचं असंच व्हायचं.’

मग मी त्यांना लॅपटॉपवर रेने लावांद दाखवला. अर्जेंटिनाचा जादूगार, जन्म १९२८, मृत्यू २०१५. नऊ वर्षांचा असताना कार अपघातात उजवा हात गेला. पत्त्यांची सगळी पुस्तकं दोन हातवाल्यांसाठी लिहिलेली, त्यामुळे त्याने आपली टेक्निक्स एकट्याने, एका डाव्या हाताने बसवली. तो पत्ते इतके सावकाश टाकतो की बघणाऱ्याला झोप यावी. आणि दर वेळी म्हणतो, की याहून हळू जमणार नाही. मग त्याहून हळू करून दाखवतो. तरी काही कळत नाही. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात ठेवलेला माझा एक जुना रुपया गायब होता.

पुढच्या गुरुवारी ते माझ्याबरोबर आले, ‘चाकणला तसंही काम आहे’ म्हणून. काम वगैरे काही नव्हतं.

चाचांनी नमस्कार-चमत्कार केले, चहा मागवला आणि सरळ म्हणाले, ‘भाईसाब, हात दाखवा.’ मी श्वास रोखून बसले. आमच्या घरात असं कुणी विचारत नाही. बाबांनी हात खिशातून काढला. चाचांनी तो उलटा केला, अंगठ्याखालचा फुगीर भाग दाबून बघितला, करंगळीच्या बाजूचा दाबला आणि तळव्याच्या मधोमध रुपया बसवला. हात पालथा केला. रुपया पडला नाही. क्लासिक पाममध्ये नाणं बोटांनी धरायचंच नसतं, तळव्याच्या दोन बाजूंच्या स्नायूंमध्ये ते अडकतं. मला ते जमायला दोन महिने लागले होते. तीस वर्षं मशिनवर राबलेल्या हाताला एक मिनिट लागलं.

‘आणि लोक या हाताकडे बघतात?’ चाचांनी विचारलं.

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘एकदा बघतात, मग नजर फिरवतात. लाजतात.’

‘मग झालं की! माझी उमर गेली लोकांची नजर फिरवण्यात.’

बाबा हसले. खूप वेळ हसले. टपरीवाला बघायला लागला इतके.

चाचांचा मुलगा चाकणलाच एका व्हेंडरकडे कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याला कप शिकवायचे नाहीत, हा चाचांचा निर्णय. मी कारण विचारलं तर त्यांनी नुसतं बाजाराच्या टोकाला उभ्या असलेल्या पोलिस व्हॅनकडे बोट दाखवलं. नंतर मी कायदा काढून वाचला. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा कुठल्याही निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागितले तर ती भीकच, असं त्याच्या व्याख्येत लिहिलंय. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता, तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये त्याची बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. मॉलमध्ये तिकीट लावून तीच जादू केली की माणूस आर्टिस्ट. बाजारात चादरीवर केली की भिकारी. एवढी मोठी हातचलाखी मी अजून कुठल्याही जादूगाराकडे पाहिलेली नाही.

दिवाळीत मावशीकडे सगळे जमलो होतो. माझा सहा वर्षांचा भाचा बाबांच्या समोर मांडी घालून बसला होता. बाबांनी दोन्ही हात पुढे केले, उजव्या हातातला रुपया डाव्यात दिला, मूठ उघडली. रिकामी. भाच्याने तो हात धरला, उलटा केला, सुलटा केला, अर्ध्या बोटांच्या टोकांवर बोट फिरवून बघितलं.

‘आजोबा, परत. पण हळू करा.’

बाबांनी हळू केलं.

चाचांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, येत्या गुरुवारी भाईसाबना तासभर लवकर पाठव, कप काढायचेत. मी म्हटलं, चाचा, आणि माझे कप? तर म्हणे, तुझा रुपया अजून वाजतो.