चिंचेवरून पडलेला विद्यार्थी

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी चिंचेवरून पडला. आम्हीं धांवत जाऊन त्याच्या बगलेंत हात घालून त्याला उठवून बसविलें. सुदैवानें हात मोडण्यावर निभावलें. परंतु डॉक्टरांनीं आमची चूक दाखविली, ती प्रांजळपणें येथें सांगतों.

उंचावरून पडलेल्याचा कणा मोडला असल्यास त्याला वाकविल्यानें आंतील मज्जारज्जूस कायमची इजा होऊं शकते. म्हणून त्याला उठवूं नये. डोकें, मान व पाठ हीं एका रेषेंत स्थिर धरावीं. नांव विचारून शुद्ध पाहावी, हातापायांचीं बोटें हालतात का तें पाहावें व १०८ क्रमांकास कळवावें. वांती होत असेल किंवा गुंगी वाढत असेल, तर मेंदूस मार लागला असण्याचा संभव असतो, हेंही डॉक्टरांस सांगावें.

कण्यास इजा झाली म्हणजे आयुष्य संपलें असें मात्र नव्हे. पेठ-इस्लामपूर येथें १९४४ सालीं जन्मलेले मुरलीकांत पेटकर यांच्या कण्यांत १९६५ च्या युद्धांत गोळी रुतली व पाय लुळे पडले. उपचार म्हणून त्यांनीं पोहणें आरंभिलें, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक विश्वविक्रमासह मिळविलें.

मुलांनो, आम्ही पंचेचाळिसाव्या वर्षीं जें शिकलों, तें तुम्ही आजच शिका.