मावशींचा नवा फोन

घरांत येणाऱ्या बहुतेक वस्तूंचा आपल्या खिशाशीं असलेला संबंध किंमत मोजतांच संपतो. पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब किंवा शिवणाचें यंत्र घेतलें म्हणून दर महिन्यास कोणी दारांत येऊन पैसे मागत नाहीं. मोबाईल फोनाचें तसें नाहीं. तो घेतांना आपण एक वस्तु घेतों आणि तिच्याबरोबर एक न संपणारा करारही करतों. वस्तूविषयीं घरांत आठ-आठ दिवस खल होतो. करार मात्र दुकानदार सांगेल तसा ठरतो. आमच्या मावशींसाठीं फोन घेण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आला, तेव्हां या दोहोंचा आम्हांस सावकाश विचार करावा लागला. तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडतों.

मावशी साताऱ्यास जुन्या वाड्यांत एकट्या राहतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मातोश्री, सांगलीस आमच्याजवळ असतात. दोघींचें बोलणें आधीं पोस्टकार्डांवर आणि पुढें फोनवर असें पन्नास वर्षें अखंड चाललें होतें. परंतु अलीकडे मातोश्रींस ऐकूं येईनासें झालें. समोर बसलेल्या माणसाचें बोलणें श्रवणयंत्राच्या साह्यानें व ओठांच्या हालचालीवरून त्यांस उमगतें. फोनवर मात्र कांहींच उमगत नाहीं. मावशींनीं ओरडून बोलावें, मातोश्रींनीं अंदाजानें "बरं, बरं" म्हणावें, आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसावे, असें कांहीं दिवस चाललें व पुढें तो फोनच बंद पडला. सातारा ते सांगली अंतर तें काय! पण गुडघे दोघींचेही गेलेले. मावशी म्हणत, "कृष्णामाईचं बरं आहे. माहुलीहून निघते ती थेट सांगलीच्या घाटाला लागते, तिला एस.टी.ची पायरी चढावी लागत नाही."

मावशींजवळ बटणांचा साधा फोन होता. तो बदलावयाचा ठरतांच आप्तमंडळींत एकच चर्चा सुरू झाली. पुण्याच्या मावसभावाचें म्हणणें, सर्वांत भारी फोन घ्यावा. म्हणजे आई कोठें आहे, किती पावलें चालली, तें त्याला पुण्यांत बसून कळेल. पुतण्याचा हट्ट फाईव्ह-जीचा. दुकानांतील मुलानें तर कॅमेऱ्यांची संख्या, पडद्याचा वेग आणि आंतील जागा यांचें स्तोत्र एका दमांत म्हणून दाखविलें. सर्वांचें ऐकून घेतल्यावर मावशी शांतपणें म्हणाल्या, "अरे, ताईला मी दिसले पाहिजे, आणि माझे ओठ दिसले पाहिजेत. बाकीचे गुण तुम्ही वाटून घ्या."

या एका वाक्यानें आमचें काम निम्म्यानें हलकें झालें. ओठ दिसावयाचे तर पुढच्या बाजूचा कॅमेरा चांगला हवा. मागचे चार असोत कीं एक, त्यांचें महत्त्व नाहीं. पडदा मोठा हवा, पण तो मुख्यतः सांगलीस, मातोश्रींच्या हातीं. चित्र अडखळलें तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते, म्हणून रेंज अखंड हवी. साताऱ्याच्या त्या वाड्याच्या भिंती दोन-दोन हात रुंदीच्या. ओसरीवर जी रेंज मिळते ती माजघरांत मिळेलच असें नाहीं. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निरनिराळ्या कंपन्यांचे फोन आम्हीं घटकाभर मागून घेतले आणि प्रत्येक खोलींतून सांगलीस लावून पाहिले. जाहिरातींतून कळलें नसतें तें अर्ध्या तासांत कळलें. चौथी गोष्ट बॅटरीची. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा महापूर सांगलींत शिरला, तेव्हां पाण्याखालीं गेलेल्या भागांतील वीज बंद झाली. ज्याचा फोन त्या अंधारांत टिकला त्याची किंमत सांगलीकरांस निराळी सांगावयास नको. या चार कसोट्या लावल्यावर दुकानांतील मधल्या किंमतीचा एक फोन उरला. पुतण्या हिरमुसला, मावशी हंसल्या.

आतां कराराविषयीं. विलायतेंत पुष्कळ ठिकाणीं फोन व जोडणी एकत्र मिळते. दोन वर्षें बांधून घ्यावयाचें आणि मुदत संपली कीं नवा फोन. आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेडवाले, म्हणजे आधीं पैसे व मग बोलणें. फोन निराळा आणि रिचार्ज निराळा. तरीही हप्त्यांच्या रूपानें बंधन येतेंच. आमच्यापुढें 'शून्य टक्के व्याजा'चा कागद आला, तेव्हां आम्हांस रिझर्व्ह बँकेची आठवण झाली. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वांत नाहीं, असें तिनें २०१३ सालीं बँकांस स्पष्ट बजावलें होतें. व्याज कोठें तरी असतेंच. तें किंमतींत दडतें नाहीं तर शुल्कांत. आम्हीं रोख पैसे दिले.

रिचार्जाच्या महिन्याची गोष्ट तर पंचांगकर्त्यांनींही ऐकावी अशी आहे. पुष्कळ कंपन्यांच्या योजनांचा 'महिना' अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठावीसास तेरानें गुणिलें कीं ३६४ होतात. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. आपल्या पंचांगांत अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनीं एकदां येतो. यांचा दरवर्षीं येतो, आणि त्यांत जांवयास वाण देण्याचें पुण्यही नाहीं! दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२२ सालीं प्रत्येक कंपनीस निदान एक योजना तीस दिवसांची व एक दरमहा त्याच तारखेची ठेवावयास लाविली. तथापि मागितल्याशिवाय ती पुढें येत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं कोणत्याही योजनेची किंमत महिन्यावर न पाहतां तिला मुदतीच्या दिवसांनीं भागावें व ३६५ नीं गुणावें. हा हिशेब आम्हीं मागल्या दिनदर्शिकेच्या पाठीवर केला, तेव्हां दोन वर्षांच्या रिचार्जाची रक्कम फोनाच्या किंमतीच्या फारशी मागें राहिली नाहीं. नाकापेक्षां मोतीं जड तें असें!

जुन्या क्रमांकाचा प्रश्न नाजूक होता. मावशींचें निवृत्तिवेतन, बँकेचें खातें, गॅसची नोंदणी हें सारें त्या एका क्रमांकास बांधलेलें. कंपनी बदलली तरी क्रमांक आपलाच राहतो, ही सोय २०११ च्या जानेवारीपासून देशभर आहे, तेव्हां त्याची भीति नव्हती. भीति होती ती भामट्यांची. पोलिसाच्या वेषांत पडद्यावर येऊन 'डिजिटल अटक' करणारे आणि वृद्धांची जन्माची पुंजी लुबाडणारे लोक आतां घरोघरच्या चर्चेचा विषय झाले आहेत. म्हणून आम्हीं दोन वाटा निराळ्या केल्या. जुना क्रमांक जुन्याच बटणांच्या फोनांत राहिला. पैशांचे निरोप तेथें येतात. नव्या फोनांत नवा क्रमांक, तो फक्त घरच्यांस ठाऊक. त्यांत बँकेचें नांवही नाहीं. जुन्या फोनास इंटरनेट नको होतें. केवळ बोलण्याच्या व संदेशांच्या योजना देण्याविषयीं प्राधिकरणानें २०२४ च्या डिसेंबरांत नियम केला आहे. त्यामुळें न वापरलेल्या इंटरनेटाचे पैसे वांचले. कोठें फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, हें आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहून देवघराच्या दारास लाविलें आहे.

सांगली जिल्ह्यांतच, कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून गांव आहे. तेथें २०२२ सालीं गांवकऱ्यांनीं ठराव करून रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजविण्याची प्रथा पाडली. भोंगा झाला कीं दीड तास फोन व दूरदर्शन बाजूस ठेवावयाचें आणि मुलांनीं अभ्यासास बसावयाचें. ही हकीकत मावशींस सांगितली, तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाही वेळ ठरवावीच लागली!" त्यांनीं आपली वेळ पांचाची ठरविली. पांचास फोन लागतो, साडेपांचास बंद होतो, आणि पेटींत जातो.

पहिल्या दिवशीं मातोश्रींनीं पडद्याकडे कितीतरी वेळ नुसतें पाहिलें. मग जरा रागावूनच म्हणाल्या, "कवळी लाव आधी, ओठ कळत नाहीत." मावशी उठून गेल्या, कवळी लावून आल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशीं गूळ-आंब्याला गूळ किती घालावा यावर दोघींचें कडाक्याचें भांडण झालें. आठ महिन्यांत त्या बहिणी प्रथमच भांडत होत्या, आणि आम्ही शेजारच्या खोलींत बसून तें समाधानानें ऐकत होतों.