पिशवी काढल्यावर डाग दिसला तर गप्प बसू नका

हे इथे लिहावं की नको, यात पंधरा दिवस गेले. आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण शाळेतले लोक वाचतील." वाचू देत. वाचावं म्हणूनच लिहितेय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४७. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत माझी गर्भपिशवी काढली. गाठी होत्या, दोन वर्षं गोळ्या खाऊन झाल्या होत्या, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशन गरजेचं होतं आणि नीट झालं. शाळा सुरू झाली तेव्हा घरात उरलेलं पॅडचं पाकीट मी भाचीला देऊन टाकलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी एका सोमवारी शाळेतून घरी आले आणि कपड्यावर डाग दिसला. गुलाबीसर, रुपयाएवढा.

पहिला विचार आला, पिशवीच नाही तर रक्त येतंय कुठून? दुसरा विचार कॅन्सरचा. आणि तिसरा, ज्याची मला आज लाज वाटते, तो म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सासूबाईंना अंदाज आला. "उष्णता असंल, धण्या-जिऱ्याचं पाणी घे," म्हणाल्या. घेतलं. डाग एक दिवस दिसायचा, दोन दिवस नाही, पुन्हा दिसायचा. असे अठरा दिवस काढले. सातवीच्या मुलींना पाळीबद्दल न लाजता बोला असं सांगणारी मी!

शेवटी मेडिकलमधून पॅड घेताना माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. ऊसतोड करते. पाकिटाकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, तुमची बी पिशवी काढली ना? मग हे?" मी गप्प. तीच पुढे म्हणाली, "माझं बी जातंय थोडं थोडं, दर महिन्याला. सहा वर्षं झाली पिशवी काढून. कुणाला बोलले न्हाई. लोक म्हणतील, पैसे घेतले अन् डॉक्टरनं काढलंच न्हाई काही."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. आधी स्वतःसाठी.

पाच मिनिटांची तपासणी. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आत जिथे टाके घातले होते तिथे जखम भरताना थोडं कच्चं, लाल मांस वाढलंय. धक्का लागला की त्यातून रक्त येतं. धोक्याचं नाही. तिथे सिल्व्हर नायट्रेट लावलं, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. थांबलं. अठरा रात्री मी ज्याच्यासाठी जागले, ते एवढंच होतं. पण मॅडम हेही म्हणाल्या, "तुमचं एवढंच निघालं. प्रत्येकीचं एवढंच निघेल असं नाही. म्हणून तर यायचं असतं."

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत लिहिते.

ऑपरेशननंतर पहिले चार ते सहा आठवडे थोडं गुलाबी किंवा तपकिरी जाणं चालतं. आतले टाके विरघळत असतात. पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. कमी होता होता पुन्हा वाढलं, लालभडक झालं, तर दाखवायचं.

सहा आठवड्यांनंतर, किंवा सहा वर्षांनंतर, नव्याने डाग दिसला तर एकच डाग असला तरी चार-आठ दिवसांत दाखवायचं. कारणं बरीच असतात. माझ्यासारखं कच्चं मांस, जंतुसंसर्ग, वयामुळे किंवा अंडाशय काढल्यामुळे आलेला कोरडेपणा. क्वचित टाके उसवलेले असतात, क्वचित कॅन्सर असतो. घरी बसून यातलं कुठलं ते कळत नाही. धण्याच्या पाण्याने तर नाहीच नाही.

आणि हे असेल तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा: तासाभरात पॅड भिजणं, रक्ताच्या गाठी पडणं, थंडी वाजून ताप, वाढत जाणारी पोटदुखी, आतून काही बाहेर आल्यासारखं वाटणं, चक्कर, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं. घाण वास येत असेल किंवा लघवी नकळत गळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता त्या मुलीच्या आईबद्दल. तिला विचारूनच लिहितेय.

सप्टेंबरच्या शेवटी तिला मी घेऊन गेले. वय ३४. म्हणजे पिशवी काढली तेव्हा २८. कशासाठी? "पोट दुखायचं, पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर हुईल." कागद? एकही नाही. डिस्चार्ज कार्ड पालात पावसाने भिजून गेलं. पिशवी तपासायला पाठवली होती का, अंडाशय ठेवले का, तिला काहीच माहीत नाही.

मॅडमनी तपासलं तर पिशवीचं तोंड तसंच होतं. वरची पिशवी काढलेली, तोंड ठेवलेलं. असं ऑपरेशन असतं, त्यात चूक काही नाही. अंडाशय काम करत असतील तर अशा बाईला महिन्याला थोडा डाग दिसू शकतो. पण तोंड ठेवलंय हे तिला सांगायला नको? कारण तोंड आहे म्हणजे तिथल्या कॅन्सरची नियमित तपासणी करावी लागते. सहा वर्षं ती समजून होती की त्या आजाराचा विषयच संपला. त्याच भीतीने तर पिशवी काढली होती.

तपासणीसाठी नमुना घेतला. दसरा झाला, टोळी निघाली. रिपोर्ट चार दिवसांनी आला. कॅन्सर नाही, पण काही पेशी बदललेल्या दिसतात, पुढची तपासणी लवकर करा. तो रिपोर्ट माझ्या कपाटात आहे आणि ती कर्नाटकात उसाच्या फडावर. फोनवर म्हणते, "बाई, उचल फिटली न्हाई. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतोय. मार्चात आल्यावर बघू." मॅडम म्हणतात, मार्चपर्यंत थांबू नका. मी दर रविवारी फोन करते. आता संक्रांतीला दोन दिवस येते म्हणालीय. तारीख घेऊन ठेवलीय.

आपल्या जिल्ह्याचं नाव २०१९ मध्ये देशभर झालं. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मग खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही विनाकारण होणाऱ्या या ऑपरेशनबद्दल सगळ्या राज्यांना नियम पाळायला सांगितलं. चांगलं झालं. पण ज्यांची आधीच काढलीय त्यांचं काय? त्यांच्या हातात कागद नाही, आत काय शिल्लक आहे ते माहीत नाही, आणि डाग दिसला तर बोलायला माणूस नाही.

माझं मागणं मोठं नाही. टोळ्या निघायच्या आधी गावागावात ऊसतोड बायकांची आरोग्य तपासणी होते, त्यात पिशवी काढलेल्या बायकांना एक प्रश्न विचारा: नंतर कधी अंगावरून गेलं का? आणि पिशवी काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने मराठीत चार ओळी लिहून द्या: काय काढलं, काय ठेवलं, तपासणीचा रिपोर्ट काय, पुन्हा कधी यायचं.

तोवर आपण एवढं करू. तुमच्या घरात आई, सासू, जाऊ, बहीण, कुणाचीही पिशवी काढलेली असेल तर आज फाईल शोधा. तोंड काढलंय का ठेवलंय, ते बघा. फाईलचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. आणि तिला विचारा, "नंतर काही त्रास आहे का गं?" ती "नाही" म्हणेल. मीही अठरा दिवस तेच म्हणत होते. दुसऱ्यांदा विचारा.