पडद्यामागचा दुभाषी

दुकानातून ग्राफिक्स कार्ड आणलं, की ते आपलं झालं असं वाटतं. हायकू वापरायला लागल्यापासून माझी ही समजूत गेली.

हायकू ही एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचं मूळ बीओएस. ॲपल सोडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी 1990 मध्ये बी नावाची कंपनी काढली, तिची ही निर्मिती. 2001 मध्ये कंपनीची मालमत्ता पामने घेतली आणि बीओएस थांबली. चाहत्यांनी त्याच वर्षी ती नव्याने लिहायला घेतली. 2024 मध्ये तिची पाचवी बीटा आली. एवढा धीर कुठून आणतात ही माणसं?

मी वैतरण्याला राहतो, बोईसरला कामाला जातो. रात्री जेवणं झाली की हायकू सुरू करतो. धाकटा भाऊ मागून विचारतो, "दादा, यावर गेम चालतो का?"

गेम अडतो तो ड्रायव्हरपाशी. कार्डात हजारो छोटे गणिती बसलेले असतात, पण त्यांना काम सांगायची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. कुठली मेमरी कोणाला द्यायची, हुकूम कुठल्या रांगेत लावायचे, काम संपलं हे कसं ओळखायचं, हे सगळं जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो कंपनीच लिहिते. मूठभर लोकांच्या सिस्टिमसाठी कोण लिहिणार? मग कार्ड नुसतं चित्र पडद्यावर पोचवतं आणि त्रिमितीय चित्र रंगवायचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. पंखा घरघरतो, चित्र अडखळतं.

आमच्या खाडीतल्या वाढीव बेटावरची माणसं वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशन गाठत आली. पूल गाड्यांसाठी बांधलेला, पण दुसरी वाट नव्हती. हायकूची जिवावर बेतत नाही, तरी तिलाही दुसऱ्यांसाठी बांधलेल्या पुलावरूनच जावं लागलं. लिनक्सच्या जगात एएमडीच्या कार्डांसाठी आरएडीव्ही हा खुला ड्रायव्हर होता. 2021 मध्ये एका विकासकाने तो हायकूवर चालवून दाखवला. एनव्हीडियाने 2022 च्या मे महिन्यात आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. त्याच्या आधारे 2025 मध्ये ती कार्डंही हायकूवर चालू लागली.

हे जमलं ते कोड वाचायला मिळाला म्हणून. तो बंद असता, तर कितीही हुशार माणूस बाहेरून दार ठोठावत राहिला असता. एखाद्या कार्डाचा सपोर्ट कंपनीने थांबवला की चालतं यंत्र भंगारात जातं. कोड खुला असेल, तर त्याचं आयुष्य आणखी कुणीतरी वाढवू शकतं.

म्हणून आता जुनं कार्ड घेताना मी किंमत नंतर विचारतो. आधी पाहतो, याचा ड्रायव्हर वाचता येतो का.